शनिवारचं अर्जुनसालीचं दूध

अर्जुनाची साल ओळखायला नुसते डोळे पुरत नाहीत. बाहेरून ती पांढुरकी, राख फासल्यासारखी, आतून तांबूस. पण आतून तांबूस असणाऱ्या साली रानात पुष्कळ. खरी साल जिभेवर ठेवली की सगळं तोंड आवळून येतं आणि मग बराच वेळ बोलावंसं वाटत नाही. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागच्या गल्लीत, काष्ठौषधींच्या एका अरुंद दुकानात अख्तरबानू ही साल पारखून घ्यायची. तुकडा मोडायचा, आतल्या अंगावर नख ओढायचं, कपची जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायचे. साल घेऊन आलेला माणूस तोवर उभा. ती नुसती मान हलवायची. हो की नाही, ते त्या मानेवरून कळायचं.

ती या दुकानात लग्न होऊन आली. दुकानामागेच घर होतं, एक खोली आणि मोरी. सासरे बसायचे गल्ल्यावर, नवरा रहीम तागडीपाशी, आणि ती आत. निवडायचं, वाळवायचं, कुटायचं, चाळायचं. चौतीस वर्षांत तिच्या हातांना कितीतरी झाडांचा वास लागला आणि तो कुठल्याही साबणानं गेला नाही. सहा वर्षांपूर्वी रहीम गेला. मुलगा अझीम कात्रजला फ्लॅटमध्ये राहतो, बायको-मुलांत सुखी आहे. तो म्हणाला, "अम्मी, बंद कर ते दुकान, इकडे ये." ती दोन महिने गेली. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात सगळे सकाळी आठला बाहेर पडायचे आणि दार लागलं की दिवसभर कुणाचा आवाज यायचा नाही. ती परत आली. दुकानात निदान गल्लीचा आवाज तरी होता.

पण गल्लीचा आवाज आणि माणसाचा शब्द यांत फरक असतो, हे तिला परत आल्यावर समजलं. ग्राहक येतो, म्हणतो, "शंभर ग्रॅम ज्येष्ठमध." ती मोजते, पुडी बांधते. तो जातो. पुण्यात दुकानदार आणि ग्राहक यांना एकमेकांशी बोलायची हौस तशी कमीच. अझीमचा फोन संध्याकाळी येई. "जेवलीस?" "हो." "गोळी घेतलीस?" "हळू बोल," ती म्हणायची, जणू फोनमधला आवाज गल्लीत ऐकू जाणार होता.

या गोळीची गोष्ट सांगायला हवी.

पन्नाशीच्या आसपास तिची पाळी गेली. मग रात्री अंगातून वाफा निघू लागल्या, छातीत धडधडायला लागलं, जिना चढताना कठड्याला धरावं लागू लागलं. पेठेतल्या डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला आणि आकडा बघून तोंड वाकडं केलं. म्हणाले, "बाई, पाळी असते तोवर निसर्ग बाईच्या काळजावर, रक्तवाहिन्यांवर एक सावली धरून असतो. ती सावली आता गेली. आता ऊन तुम्हाला थेट लागणार. ही गोळी रोज, न चुकता." तिनं विचारलं, "साल चालेल का? जवस, लसूण?" डॉक्टर म्हणाले, "जवस भाकरीबरोबर खा, लसूण फोडणीत घाला, साल घ्यायची तर मला सांगून घ्या. पण गोळीच्या जागी नाही."

तिनं ते ऐकलं. गोळी सुरू केली. पण घेताना ती लपवून घ्यायची. याला कारण रहीमचं एक वाक्य होतं. तो म्हणायचा, "औषधाच्या दुकानदारानं गिऱ्हाइकासमोर खोकू नये." त्याच्या बापाचंही तेच. खोकला आला तर ते आत मोरीत जाऊन खोकून यायचे. रहीमला शेवटी साखरेचा आजार होता, तरी इन्सुलिनची सुई त्यानं कधी दुकानात दिसू दिली नाही. गल्ल्यावर बसून तो लोकांना जांभळाच्या बियांची पूड देत राहिला. अख्तरबानूनं गोळ्यांची पाकिटं डिकेमालीच्या डब्यात ठेवली. डिकेमालीच्या डिंकाचा वास असा की डबा उघडला तर शेजारचा दुकानदार ओरडतो. तिथं कुणी हात घालणार नव्हतं.

हेमा पहिल्यांदा आली ती दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या एका शनिवारी. मराठी शाळेत शिक्षिका, वय छप्पन्न, खांद्याला वह्यांनी भरलेली पिशवी. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. ती दुकानासमोर उभी राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, बायकांचं काही मिळतं का?"

"बायकांचं म्हणजे?"

"म्हणजे... ते थांबल्यावरचं. धडधड होते. बीपी आहे. गोळी चालू आहे, पण मन लागत नाही कशात."

अख्तरबानूनं तिला आत बसायला स्टूल दिलं. रहीम गेल्यापासून त्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं. मग तिनं साल दाखवली. "ही अशी नुसती फक्की मारायची नाही. एक चमचा पूड, एक कप दूध, चार कप पाणी. मंद आचेवर ठेवायचं. पाणी सगळं आटलं आणि दूध तेवढं उरलं की गाळून प्यायचं."

"चार कप पाणी आटायचं म्हणजे अर्धा तास! शाळेत जाणाऱ्या बाईला कोण देतं अर्धा तास?"

"मी देते," अख्तरबानू म्हणाली. "बसा."

तेव्हापासून दर शनिवारी हेमा यायची. मागच्या खोलीत गॅसवर पातेलं असायचं आणि दोघी पातेल्याकडे बघत बसायच्या. दूध-पाणी हळूहळू तांबूस व्हायचं. हेमा शाळेतल्या गोष्टी सांगायची. मुख्याध्यापक कसे फळ्यावर स्वतःचंच नाव चुकीचं लिहितात. तिचा नवरा दीनानाथ निवृत्त झाल्यापासून घरातल्या डब्यांवर कसा चिठ्ठ्या चिकटवत सुटलाय, 'साखर', 'मीठ', 'हे मीठ नाही'. अख्तरबानू हसायची. तिचं हसू इतके दिवस न वापरलेलं की सुरुवातीला त्याचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना.

"बानूआपा, तुम्ही घेता ना हे रोज?" एकदा हेमानं विचारलं.

"घेते की."

"आणि गोळी?"

अख्तरबानूचा हात पातेल्यावरच्या चमच्यावर थांबला. बाहेर गल्ल्यापाशी एक गिऱ्हाईक उभं होतं. ती म्हणाली, "मला कशाला गोळी लागते? आमच्या घरात तीन पिढ्या झाडावर जगल्या."

एवढंच. बोलून झालं आणि विसरूनही गेलं. गिऱ्हाइकाला ओवाफूल हवं होतं, ते दिलं.

पुढच्या काही महिन्यांत तिनं आणखी एक गोष्ट केली. पाणी ती चार कपांऐवजी पाच कप घालू लागली. मग सहा. हेमा बोलण्याच्या नादात असायची, तिच्या लक्षात आलं नाही. अर्धा तास होता त्याचा पाऊण झाला, पाऊण तासाचा तास. आठवड्याचे सहा दिवस आणि तेवीस तास अख्तरबानू त्या एका तासाकडे तोंड करून बसायची. शुक्रवारी संध्याकाळी ती खोली पुसायची, दूध आणून ठेवायची, साल नव्यानं कुटायची. जुनी पूडही चाललीच असती.

मग या वर्षीचा जूनमधला तो शनिवार आला. हेमा आली तेव्हा जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती, आणि दुकानाला तर पायरी एकच. स्टुलावर टेकली. पाठीकडे हात नेऊन म्हणाली, "दोन खांद्यांच्या मधे दुखतंय. वह्यांची पिशवी. आणि हा जबडासुद्धा ठणकतोय, दात पाहायला हवा."

"कधीपासून?"

"आठेक दिवस. ते राहू दे. एक आनंदाची बातमी सांगते. गोळी सोडली मी!" ती लहान मुलीसारखी हसली. "तीन आठवडे झाले. कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. म्हटलं, बानूआपा झाडावर जगतात, आपण का नाही? आणि खरं सांगू, शनिवारी इथून गेले ना की दोन दिवस इतकं हलकं वाटतं! ही सालच."

अख्तरबानूला ठाऊक होतं, हलकं वाटतं ते सालीनं नाही. तासभर बसल्यानं, हसल्यानं वाटतं. तिलाही तसंच वाटायचं. आणि तिला हेही ठाऊक होतं की बाईचं काळीज पुरुषासारखं छातीवर मूठ मारून सांगत नाही. ते पाठीतून, जबड्यातून, नुसत्या थकव्यातून बोलतं. डॉक्टरांनीच तिला हे सांगितलं होतं. तोंडाशी आलं, आत्ता सांगावं. पण सांगायचं तर डिकेमालीचा डबा उघडावा लागणार. दोन वर्षांचं खोटं समोर येणार आणि मग हेमा उठून जाणार. ती गेली की शनिवारही जाणार.

तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या."

"घेईन हो. ते दूध उतू जातंय बघा."

हेमा दूध पिऊन गेली.

पुढचे चार दिवस अख्तरबानूला अन्न गोड लागलं नाही. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. ही गोष्ट फोनवर सांगायची नाही, शनिवारी समोर बसून सांगू, असं ती स्वतःला म्हणायची. शनिवार दूर होता म्हणून तिला बरंही वाटायचं, आणि तसं बरं वाटल्याची लाज वाटायची.

बुधवारी दुपारी कांताबाई आली. भोरकडच्या खेड्यातली म्हातारी, महिन्यातून एकदा स्वारगेटला एसटीतून उतरून डोक्यावर पोतं घेऊन चालत यायची. ओढ्याकाठच्या अर्जुनाची साल तीच आणायची. झाडाच्या एकाच अंगाची, हातभर काढायची आणि तो भाग भरून येईस्तोवर त्या झाडाला पुन्हा हात लावायची नाही. पोतं टेकवून ती पायरीवर बसली, पाणी मागितलं आणि कनवटीची पिशवी सोडून त्यातून सरकारी दवाखान्याचं पाकीट काढलं. भर गल्लीत, दोन गिऱ्हाइकांसमोर, तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि वरून घटाघटा पाणी प्यायली.

अख्तरबानू बघतच राहिली. "कांताबाई, हे काय?"

"बीपीची हाय. दुपारची ऱ्हायली व्हती."

"तुम्ही एवढी साल आणता. साल घेत नाही?"

"घेती की. कधीमधी." कांताबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पर साल झाडाची हाय, बाय. झाडाला पुरती ती. मला गोळी लागती."

गिऱ्हाईक हसलं. कांताबाईही हसली, तिचे दोनच दात होते. अख्तरबानूला मात्र हसू आलं नाही. तिनं सालीचा तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, आणि या वेळी मान हलवायलाही विसरली.

"काय, बरी न्हाई का साल?" कांताबाईनं विचारलं.

"साल चांगली आहे," अख्तरबानू म्हणाली. कांताबाई उठायच्या आत तिनं फोन लावला. हेमा वर्गात असावी, उचलला नाही. तिनं फोनवरच निरोप बोलून पाठवला. शनिवारपर्यंत थांबू नका, आज शाळा सुटल्यावर या, काम आहे.

हेमा साडेपाचला आली. गॅस बंद होता, पातेलं पालथं घातलेलं. "एवढं काय काम? आणि दूध नाही आज?"

अख्तरबानूनं डिकेमालीचा डबा खाली काढला आणि झाकण उघडलं. हेमानं नाकाला पदर लावला. मग तिला आत गोळ्यांची पाकिटं दिसली.

"या माझ्या गोळ्या," अख्तरबानू म्हणाली. "सात वर्षं झाली. रोज सकाळी घेते. एक दिवस चुकवलेली नाही."

पाकीट हातात घेऊन हेमानं चष्मा वर केला, नाव वाचलं. तिचीही हीच गोळी होती.

"तीन पिढ्या झाडावर," ती म्हणाली.

"खोटं बोलले."

"का?"

"बाहेर गिऱ्हाईक होतं."

"वा! म्हणजे दुकानाची अब्रू राहिली. मी मेले असते तर पुडीवर छापलं असतंत का, आमच्याकडे खात्रीशीर?" हेमाचा आवाज चढला नव्हता, वर्गात तो तसाच राहत असावा. "खोटं बोलणाऱ्या पोरांना मी बाहेर उभं करते बानूआपा. तुम्हाला कुठं उभं करू?"

"कुठंही करा. आधी डॉक्टरांकडे चला. पाठ आणि जबडा दुखतो तो दात नाही, वह्या नाहीत."

"अजून काही लपवलंय?"

अख्तरबानूनं खाली बघितलं. ते सांगायची गरज नव्हती, कुणाच्या जिवावर बेतणारं नव्हतं ते. तरी तिनं सांगितलं. "पाणी चारच कप लागतं. मी सहा घालत होते."

"कशाला?"

"तुम्ही बसावंत म्हणून."

हेमानं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते अख्तरबानूला नीट वाचता आलं नाही, नंतरही कितीदा आठवून बघितलं तरी आलं नाही. हेमा उठली, पिशवी उचलायला गेली आणि तिचा हात अर्ध्यात थांबला. पिशवी अख्तरबानूनं उचलली. दुकानाचं शटर अर्धं ओढून ती निघाली. दवाखाना दोन गल्ल्या पुढे. हेमा तिला शेजारून चालू देईना. तशी ती दहा पावलं मागून, वह्यांची पिशवी खांद्याला लावून चालत राहिली.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, मग छातीला तारा लावून कागदावर रेघ काढली आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलात जायला चिठ्ठी लिहिली. हेमानं नवऱ्याला फोन केला. दीनानाथ रिक्षा घेऊनच आला. सडपातळ, घामाघूम झालेला माणूस, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. त्यानं बायकोला धरून रिक्षात बसवलं. अख्तरबानूनं पिशवी पुढे केली.

"आपण कोण?" त्यानं विचारलं.

ती हेमाकडे बघत होती. हेमा समोर बघत होती.

"दुकानातली," अख्तरबानू म्हणाली.

रिक्षा गेली. तिसऱ्या दिवशी तिनं हेमाला फोन लावला तेव्हा दीनानाथनंच उचलला. "एका नसेत अडथळा होता. वेळेवर आलो म्हणाले. आता बरी आहे, विश्रांती घेतेय. ठेवतो." ठेवतो म्हणाला आणि ठेवला. रागानं नव्हे, माहिती देऊन झाली म्हणून. अख्तरबानूनं पुन्हा फोन केला नाही.

शनिवार येत राहिले. साडेअकरा वाजायचे, बारा वाजायचे. कधी ती गल्ल्यावरून उठून आत जायची, कशासाठी ते तिला आठवायचं नाही, आणि परत यायची. गोळ्यांची पाकिटं तिनं गल्ल्यावर, तागडीशेजारी ठेवली. अर्जुनसाल मागायला कुणी बाई आली की ती विचारायची, "गोळी चालू आहे का? ती सोडायची नाही. डॉक्टरांना विचारून या, मग देते." काही बायका विचारून यायच्या. बऱ्याच यायच्या नाहीत. शेजारचा दुकानदार रामदास म्हणाला, "भाभी, गिऱ्हाइकाला परत पाठवायची ही नवी पद्धत कुठून आणलीत? पाटी लावून टाका, इथे काहीही मिळणार नाही." ती हसली नाही, रागावलीही नाही. रहीम असता तर काय म्हणाला असता, ते तिला माहीत होतं. पहिल्यांदाच त्या वाक्यावर तिनं मनात त्याच्याशी भांडण केलं, आणि भांडून झाल्यावर तो नाही हे जास्तच जाणवलं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती मंडईत गेली होती. मेथीच्या ढिगापलीकडून एक आवाज आला. "ही जुडी आहे की आठवण म्हणून दिलेली काडी? दहा रुपयांत एवढीच?" भाजीवाली काहीतरी पुटपुटली. तो आवाज अख्तरबानूनं हजारांत ओळखला असता.

हेमा बारीक झाली होती, पण ताठ उभी होती. धाप नव्हती. पिशवी तिनं स्वतःच धरली होती. तिनं मान वर केली आणि दोघींची नजर मिळाली.

मधे मेथीचा ढीग होता. कुणीच पुढे झालं नाही.

"बऱ्या आहात?" अख्तरबानूनं विचारलं.

"आहे. तुम्ही?"

"बरं आहे."

"गोळी घेता?"

"घेते."

"मीही घेते." हेमानं जुडी पिशवीत टाकली. मग वर्गात बोलावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "तुम्ही बोलावलंत म्हणून मी आहे, हे मला कळतं. मी कृतघ्न नाही. पण दोन वर्षं मी त्या स्टुलावर बसून सगळं खरं बोलत होते आणि तुम्ही नव्हता. ते माझ्यानं विसरवत नाही. अजून तरी नाही."

"असू दे," अख्तरबानू म्हणाली. "नका विसरू."

हेमानं मान हलवली. मग ती वळली आणि कांदेबटाट्याच्या गाळ्यांकडे चालू लागली, भरभर, कुठेही न टेकता, आणि गर्दीत दिसेनाशी झाली. अख्तरबानू तिच्या पावलांकडे शेवटपर्यंत बघत होती. बाई जिवंत होती, चालत होती, भाजीवालीशी भांडत होती. एवढं तिनं मागितलं होतं, आणि तेवढंच तिला मिळालं होतं.

"मावशी," मेथीवाली म्हणाली, "घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा. मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."

अख्तरबानू बाजूला झाली.